ओकायामाला निघण्याआधी

मे महिन्यात आमच्या जपानीच्या वर्गातली नऊ मुलं दहा दिवसांसाठी जपानमधल्या ओकायामाला निघाली आहेत. नऊ मुलं, राहायला नऊ वेगळी जपानी घरं. "मॅडम, बॅगेत काय काय भरू?" हे रोज कुणी ना कुणी विचारतं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. आईबाबांनाही वाचून दाखवा.

बॅगेचं शेवटी बघू. आधी तोंडाचं. तुम्ही सगळे जपानी भाषेच्या परीक्षेची पहिली पायरी, एन५, झालेले, दोघींनी तर डिसेंबरात पुढची एन४ही दिली. पण त्या परीक्षेत बोलण्याचा भागच नाही. वाचा, ऐका, गोल काळे करा. म्हणून 'ताबेरु'ची, म्हणजे 'खाणे'ची, सगळी रूपं घडाघडा म्हणणारी मुलगी परक्या दारात उभी राहिली की मुकी होते. तेव्हा निघायच्या आधी पंधरा दिवस जपानी घरात आणा, आणि सुरुवात उंबऱ्यापासून करा. शाळेला निघताना 'इत्तेकिमासु' म्हणा. आपण बाहेर पडताना नुसतं 'जातो' म्हणत नाही, 'जाऊन येतो' म्हणतो. 'इत्तेकिमासु' म्हणजे अक्षरशः तेच. आतून कुणीतरी 'इत्तेराश्शाइ' म्हणायचं, म्हणजे 'जाऊन ये'. परत आल्यावर 'तादाइमा', उत्तर 'ओकाएरि'. जेवायला बसताना 'इतादाकिमासु', जेवण झाल्यावर 'गोचिसोसामा'. हे काम आजीकडे सोपवा. ती विसरत नाही आणि तुम्हालाही विसरू देत नाही.

आणि वाक्य मनात इंग्रजीत जुळवू नका, उगाच लांबचा वळसा पडतो. 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणं, 'ताबेते शिमाउ' म्हणजे खाऊन टाकणं, 'मोत्ते कुरु' म्हणजे घेऊन येणं. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, वाक्याच्या टोकाला आपल्या 'ना'सारखा एक 'ने'. मराठीतून सरळ उडी मारा.

स्वतःचं नाव काताकानात, म्हणजे परकी नावं लिहायच्या जपानी लिपीत, लिहून ठेवा आणि मोठ्याने म्हणून बघा. त्यांच्याकडे ळ नाही, ल आणि र एकच. वर्गातल्या काळेचं तिकडे 'कारे' होतं, आणि ते जरा लांबलं की करी, भाताबरोबर खातात ती. त्याला मी सांगितलंय, हा विनोद पहिल्याच दिवशी आपणच करून टाक.

खाण्याचं मात्र विनोदावर नेऊ नका. 'मी व्हेजिटेरियन आहे' एवढ्यावर भागत नाही. मांस नको हे त्यांना कळतं, पण मिसो सूपच्या पाण्यात बहुतेक वेळा कात्सुओ माशाच्या कीसाचं 'दाशि' असतं, आणि ते त्यांच्या लेखी मासे खाणं नव्हेच. म्हणून काय चालत नाही ते एकेक करून, जायच्या आधीच पत्रात कळवा: 'निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन, दाशि मो.' म्हणजे मांस आणि मासे खाऊ शकत नाही, दाशिही नाही. अंडं चालत असेल तर तेही लिहा, त्या घरच्या ओकासानचा, म्हणजे आईचा, जीव भांड्यात पडेल. कोंबु नावाच्या समुद्री शेवाळाचं दाशि करता येतं, पण ते आधी कळलं तर. आयत्या वेळी ताट पुढे आल्यावर नाक मुरडलं, तर सकाळपासून ओट्याशी उभ्या असलेल्या बाईला काय वाटेल? आपल्या आईला काय वाटतं, तेच.

आता अंघोळ. याची तालीम घरी होत नाही, म्हणून नीट ऐका. टबाबाहेर छोट्या स्टुलावर बसून साबण लावायचा, डोकं धुवायचं, सगळा फेस काढायचा, आणि मग स्वच्छ अंगाने टबात बसायचं. ते पाणी सगळ्या घराचं असतं. पाहुण्याला बहुधा पहिला मान देतात, आणि तिथेच गोची होते. शाळेत असताना मी पहिल्यांदा गेले, तेव्हा अंघोळ झाल्यावर आपली घाण मागे राहू नये म्हणून मोठ्या गुणी मुलीसारखी टबाचं बूच काढून आले. बाहेर ओकासान म्हणाली, 'दाइजोबु, दाइजोबु.' मला वाटलं, शाबासकी. रात्री उशिरा पुन्हा पाणी भरल्याचा आवाज आला, तेव्हा ट्यूब पेटली. ओतोसान, म्हणजे त्या घरचे बाबा, कामावरून येऊन टॉवेल घेऊन थांबले होते. तर बूच काढायचं नाही, टबावर झाकण परत ठेवायचं. आणि 'दाइजोबु' ऐकलं की चेहऱ्याकडे बघायचं, कारण त्याचा अर्थ हो, नको, चालेल, असू दे, काहीही असू शकतो.

बूट बिनलेसचे घ्या, दिवसातून दहादा काढावे लागतात. काढले की टोकं दाराकडे करून ठेवा. मोजे न फाटलेले. संडासाच्या चपला वेगळ्या असतात. त्या घालून बैठकीत येणारा दरवर्षी एक तरी निघतोच.

भेटवस्तूंवर पैसे उधळू नका. बाकरवडीचं बंद पाकीट, वारली चित्राचं कार्ड, पैठणीच्या कापडाचा बटवा पुष्कळ झाला. चार नग नकोत, तिथे चारचा उच्चार मृत्यूच्या शब्दासारखा होतो. मे महिना असला तरी हापूस नाही. ताजी फळं अशी सामानातून नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. त्यापेक्षा घरच्यांचे कागदावर छापलेले दहा-बारा फोटो न्या, जेवण झाल्यावर तास निघतो. त्यात पुण्यातल्या सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानाचा एक हवाच. जायच्या आधी तिथे एक चक्कर मारा, कारण ज्या गावी जाताय तिथल्या, 1700 साली पूर्ण झालेल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ती केली आहे. 'तुमची बाग आमच्याकडेही आहे' हे वाक्य पाठ करा.

बाकी किरकोळ. वीज 100 व्होल्टची, पिन दोन चपट्या. फोनच्या चार्जरवर 100–240 छापलेलं असलं की फक्त अ‍ॅडॉप्टर पुरतो. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, 10 टक्क्यांहून जास्त असेल तर जपानमध्ये बंदी. गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. हातरुमाल रोज एक, सुट्या नाण्यांसाठी छोटी पर्स. घड्याळ साडेतीन तास पुढे, म्हणून आईने रात्री साडेनऊला फोन करू नये, तिथे एक वाजलेला असतो.

आणि बॅगेत तीन किलोची जागा रिकामी. निघताना ओकासान हातात काय ठेवेल सांगता येत नाही. मला किबिदांगो या तिथल्या गोड गोळ्यांचे दोन डबे आणि घरी घातलेल्या उमेबोशीची, म्हणजे खारवलेल्या आंबट फळांची, बरणी मिळाली होती, ती मावेना म्हणून आईने भरून दिलेला, न फोडलेला चिवडा तिथेच ठेवून आले.