सरकारी रुग्णालयात एमआरच्या भेटींना शिस्त कशी लावावी

ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात काम करायचं म्हटलं की औषध कंपन्यांशी संबंध येतोच. नव्या औषधाची बातमी बहुतेक वेळा कंपनीचा प्रतिनिधी, म्हणजे एमआरच आणतो. बोलण्यात गैर काही नाही. धोका आहे तो ‘माझ्यावर कशाचा परिणाम होत नाही’ या खात्रीत. सॅन फ्रान्सिस्कोतल्या निवासी डॉक्टरांची एक पाहणी 2001 मध्ये प्रसिद्ध झाली. कंपन्यांच्या प्रचाराचा आपल्या औषधं लिहिण्यावर परिणाम होतो असं 39 टक्के डॉक्टरांनी मान्य केलं. इतर डॉक्टरांवर होतो असं मात्र 84 टक्क्यांना वाटत होतं. म्हणून नियम सगळ्यांना सारखाच हवा, आणि तो वैद्यकीय अधीक्षकांनी आधी स्वतःला लावायला हवा. साहेबांच्या केबिनमध्ये एमआर थेट जातो असं दिसलं की खालचे डॉक्टर पंधरा दिवसांत नियम सोडून देतात.

भेट ओपीडी संपल्यावरच ठेवा: आठवड्यातला एक ठरलेला दिवस, अर्धा तास, आणि सोबत फार्मासिस्ट. रुग्ण रांगेत असताना एमआर आत गेला तर पुढच्या दहा केसपेपरवर कोणतं नाव येतं, ते फार्मसीच्या खिडकीवर लगेच कळतं. एक साधी नोंदवही ठेवा. तारीख, कंपनी, औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव, केलेला दावा, ठेवून गेलेली वस्तू आणि हजर असलेल्यांच्या सह्या एवढं पुरे.

दाव्याचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. ‘हृदयविकाराचा झटका 50 टक्क्यांनी कमी’ असं ऐकलं की विचारा, शंभरात किती होते आणि किती झाले? समजा, पाच वर्षांत 100 पैकी 2 जणांना झटका यायचा आणि औषधानं 1 जणाला आला. म्हणजे एकाला फायदा व्हावा म्हणून शंभर जणांना पाच वर्षं गोळ्या घ्याव्या लागतात. मग विचारा, तुलना कशाशी केली? नुसत्या साखरेच्या गोळीशी, की आपल्या भांडारात आहे त्या औषधाशी? शेवटी पूर्ण कोर्सचा खर्च विचारा. एका गोळीची किंमत नेहमी लहान दिसते. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारनं आणलेल्या यूसीपीएमपी या औषधांच्या प्रचाराबद्दलच्या संहितेनुसार भारतात वर्षापेक्षा जास्त काळ मिळणाऱ्या औषधाला कंपनीनं ‘नवं’ म्हणायचं नाही, आणि ‘सुरक्षित’ हा शब्दही खुलाशाशिवाय वापरायचा नाही.

सॅम्पलबद्दल हीच संहिता सांगते की एका पाकिटात जास्तीत जास्त तीन रुग्णांच्या कोर्सपुरतं औषध असावं आणि एका डॉक्टरला एका औषधाची वर्षाला बारापेक्षा जास्त पाकिटं देऊ नयेत. सरकारी रुग्णालयात ती घेऊच नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. सॅम्पल ई-औषधी या औषधसाठ्याच्या ऑनलाइन नोंदीवर चढत नाही, त्यामुळे बॅच परत मागवली गेली तर कोणाला दिली ते सापडत नाही. मधुमेह, रक्तदाबाच्या रुग्णाचं सॅम्पल संपतं तेव्हा तोच ब्रँड तो बाहेरून विकत घेऊ लागतो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. बाहेरच्या चिठ्ठीनं त्याला काही अर्थ उरत नाही.

भेटवस्तू, प्रवास, हॉटेल यांना सरळ नकार द्या. यूसीपीएमपी कंपन्यांसाठी आहे; डॉक्टरांवरचं बंधन त्याहून जुनं, मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांतल्या 2009 च्या दुरुस्तीपासूनचं. शिवाय 1 जुलै 2022 पासून अशा लाभांची किंमत वर्षाला 20,000 रुपयांच्या वर गेली की कंपनीला 10 टक्के टीडीएस भरावा लागतो. म्हणजे नोंद तशीही होतेच.

खरी गडबड मागणीपत्रात होते आणि ती पटकन दिसत नाही. पॅरासिटामॉल 500 मिग्रॅ.ची साधी गोळी हवी असताना मागणीत ‘650 मिग्रॅ., दोन थरांची’ असं लिहिलं की पुरवठादार आपोआप मोजके उरतात. एखादं विचित्र मिश्रण, वेगळी ताकद, खास पॅकिंग मागणीत दिसलं तर त्याचं वैद्यकीय कारण लेखी मागा. मागणी मूळ नावानं आणि मागच्या बारा महिन्यांच्या खपावरून करा. औषध संपलं होतं ते दिवस हिशेबातून वगळा, नाहीतर गरज कमी दिसते. एमआरला नियमित भेटणारा डॉक्टर स्थानिक खरेदीच्या समितीवर नको.

‘सरकारी पुरवठ्याचं औषध लागू पडत नाही, म्हणून ब्रँड लिहितो’ असं अनेक डॉक्टर मनापासून म्हणतात. शंका खरी असू शकते, पण चिठ्ठी लिहून ती सुटत नाही. औषधाचं नाव, बॅच क्रमांक, मुदत आणि किती रुग्णांत काय दिसलं ते लिहा. त्याच बॅचच्या न उघडलेल्या पट्ट्या वेगळ्या ठेवा, तापमान जपा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या (एफडीए) औषध निरीक्षकाला लेखी कळवा. दुष्परिणाम दिसला असेल तर तो कळवण्याचा एडीआर फॉर्म भरा किंवा 1800-180-3024 वर सांगा. तपासणीचा निकाल येईपर्यंत ती बॅच भांडारात ‘वितरण थांबवले’ अशी चिठ्ठी लावून बाजूला ठेवायची.