प्लांटयूएमएलची कापलेली आकृती: माझा अनुभव

प्लांटयूएमएल म्हणजे मजकुरावरून आकृती काढणारं सॉफ्टवेअर. पर्वरीच्या आमच्या ऑफिसात जुन्या जावा प्रोजेक्टची क्लास आकृती (कोडमधले क्लास आणि त्यांची नाती दाखवणारं चित्र) काढायची होती. एका टूलनं कोड वाचून मजकुराची फाइल बनवली, प्लांटयूएमएलनं तिच्यावरून चित्र काढलं. ते पीएनजी चित्र उघडलं, तर उजवीकडचे क्लास अर्धेच, बाण कडेला तुटलेले. अशा वेळी कोड वाचणाऱ्या टूलवर लगेच शंका घेऊ नका. आधी मजकुराच्या फाइलीत तुटलेला क्लास शोधा. आमच्या फाइलीत सगळे क्लास होते. प्लांटयूएमएल चित्राची रुंदी-उंची मुळातच 4096 पिक्सेलवर कापतं. 'प्लांटयूएमएल_लिमिट_साइझ' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून दिलेली सेटिंग; नाव इंग्रजीत, सगळी अक्षरं कॅपिटल) 16384 केला, तर जावाची मेमरी संपली; मग हीपही (जावाला वापरायला दिलेली मेमरी) वाढवली. त्यापेक्षा थेट एसव्हीजी (पिक्सेलऐवजी रेषा-आकारांत साठवलेलं चित्र) काढा, कितीही झूम करा, अक्षरं फुटत नाहीत. तरी भिंतीएवढी आकृती वाचणार कोण? पॅकेजनिहाय तुकडे केले, 'हाइड मेंबर्स' लिहून फील्ड-मेथड (क्लासच्या आतला तपशील) लपवल्या. आता बिलाचा हिशेब कोणता क्लास करतो, ते टीममधल्या नव्या मुलीलाही पटकन सापडतं.