ऑफ-रोड गाडी ओढायला पिकअप घेताय? आधी पेलोड बघा

जीप किंवा बग्गी ट्रेलरवर चढवून डोंगरात न्यायची आणि त्यासाठी पिकअप घ्यायची ठरली, की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो: ही किती ओढते? जाहिरातीतही तोच आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. पण नेहमीच्या वापरातल्या पिकअपची ओढायची ताकद सहसा संपत नाही, त्याआधी तिची पाठ भरते. म्हणजे पेलोड, गाडीने स्वतःच्या अंगावर घ्यायच्या माणसं-सामानाच्या वजनाची मर्यादा, संपतो. म्हणून निवडीचा क्रम असा ठेवा: आधी आपलं ओझं, मग पेलोड, त्यानंतर इंजिन आणि बाकी सगळं.

१. आपलं ओझं काट्यावर मोजा

कंपनीच्या कागदावर असतं ते नव्या कोऱ्या गाडीचं वजन. डोंगरात जाणारी गाडी तशी राहत नाही. मोठे टायर, लोखंडी बंपर, विंच, पोटाखालच्या स्किड प्लेट, छतावरचा रॅक यांनी दोन-तीनशे किलो सहज वाढतात. चार दारांची जीप रँग्लर मुळात २,००० किलोंच्या आसपास असते. टाकी भरून, हत्यारं आणि सुटे भाग आत ठेवून तीच गाडी वजनकाट्यावर नेली, तर २,३०० ते २,४०० किलो भरू शकते. ट्रेलरचं वजन वेगळं. गाडी नेणारा दोन ॲक्सलचा स्टीलचा ट्रेलर रिकामाच ८०० ते १,००० किलोंचा असतो, ॲल्युमिनियमचा बराच हलका. अंदाजावर जाऊ नका, दोन्ही मोजून घ्या.

तुमची साइड-बाय-साइड, म्हणजे शेजारी-शेजारी सीटांची हलकी बग्गी असेल, तर लहान ट्रेलर धरूनही प्रकरण बहुधा सव्वा ते दीड टनांत आटोपतं. त्याला मध्यम आकाराची पिकअप पुरते. खरा कस लागतो तो पूर्ण आकाराच्या चारचाकीला.

२. दांड्याचा भार पेलोडमध्ये धरा

हिशोब चुकतो तो इथे. ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर नसतं. एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भाग ट्रेलरच्या दांड्यातून पिकअपच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या मागच्या जोडावर येतो. तो कमी ठेवून सुटका होत नाही. दांडा हलका झाला की वेगात ट्रेलर डोलायला लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही डोलवतो. हा भार पिकअपने पाठीवर घेतलेलं वजन असल्यामुळे तो पेलोडमधून वजा होतो.

एक नमुना हिशोब करून बघू. जीप २,४०० किलो, ट्रेलर ९०० किलो, ट्रेलरवर बांधलेले कॅन आणि जादा चाक १०० किलो, मिळून ३,४०० किलो. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ४२५ किलो हिचवर. गाडीत चार माणसं, ३०० किलो. मागच्या हौद्यात तंबू, आइसबॉक्स, हत्यारांची पेटी, १०० किलो. हिचचं सामान आणि हौद्यावरचं झाकण ७० किलो. बेरीज ८९५ किलो. आता समजा, तुमच्या मनात भरलेल्या पिकअपची ओढण्याची क्षमता ५,००० किलो आहे आणि पेलोड ६८० किलो. ओढण्यात अजून दीड टन शिल्लक दिसतो, पण पाठीवर २१५ किलो जास्त झाले. ही गाडी या कामाला चालणार नाही, विक्रेता काहीही म्हणो.

३. पेलोड त्याच गाडीचा बघा, मॉडेलचा नाही

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पिकअपच्या ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर एक पट्टी असते. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते तिच्यावर लिहिलेलं असतं. हा आकडा त्या एका गाडीपुरता असतो. इतर देशांत गाडीच्या प्लेटवरच्या कमाल एकूण वजनातून तिचं प्रत्यक्ष रिकामं वजन वजा करा, पेलोड मिळतो.

दोन पिकअप बाहेरून अगदी सारख्या दिसतात, पण काचेचं छत, विजेवर सरकणाऱ्या पायऱ्या, मोठ्या सीटा असलेल्या महागड्या प्रकाराचा पेलोड साध्या प्रकारापेक्षा शे-दोनशे किलोंनी कमी भरू शकतो. ओढायचं काम मुख्य असेल, तर मी साधाच प्रकार घ्यायला सांगेन. आणि मागच्या सस्पेन्शनला एअरबॅग (हवेच्या पिशव्या) किंवा जाड पाटे बसवून पेलोड वाढतो, हा समज काढून टाका. त्यांनी गाडी सपाट उभी राहते, पण ॲक्सल, ब्रेक आणि चाकं तीच राहतात. प्लेटवरची मर्यादा जागची हलत नाही.

४. वर्ग ठरवा

फोर्ड रेंजर किंवा टोयोटा हायलक्ससारख्या मध्यम पिकअपच्या अनेक आवृत्त्या ब्रेक असलेला ३,५०० किलोंचा ट्रेलर ओढू शकतात. वरच्या उदाहरणातले ३,४०० किलो त्यात काठोकाठ बसतात. पण गाडी आणि ट्रेलर मिळून एक वेगळी कमाल मर्यादा असते. पिकअप पूर्ण भरलेली असेल, तर त्या मर्यादेमुळे ३,५०० किलो ओढायची मुभा बहुतेकदा उरतच नाही. हा तिसरा आकडा विकत घेण्याआधी माहितीपुस्तिकेत शोधाच.

अमेरिकी पद्धतीत अर्धा टन, पाऊण टन आणि एक टन असे वर्ग बोलले जातात. ही नावं जुन्या काळची आहेत, आजच्या क्षमतेशी त्यांचा थेट मेळ नाही. सजवलेली जीप, चार माणसं आणि मुक्कामाचं सामान असा नेहमीचा बेत असेल, तर पाऊण टनाच्या वर्गात गेलेलं बरं. एकटेच जात असाल आणि ट्रेलर ॲल्युमिनियमचा असेल, तर अर्ध्या टनाची चांगली पेलोड असलेली पिकअप पुरेशी होते. दोन चाकांतलं पुढचं-मागचं अंतर जितकं लांब, तितकी गाडी ट्रेलरपुढे स्थिर राहते. गल्लीत वळवताना मात्र तेच अंतर त्रास देतं.

५. इंजिन, गिअर आणि उतार

टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटर उंचीमागे साधारण ३ टक्क्यांनी घटते. ३,००० मीटरवरच्या घाटात जवळजवळ तिसरा हिस्सा गेलेला असतो. तुमचे रस्ते उंचावरचे असतील, तर टर्बो घ्या. डिझेलचा जोर खालच्या आरपीएमला मिळतो आणि एक्झॉस्ट ब्रेक (धूर अडवून इंजिनानेच वेग रोखणारा) असेल तर उतारावर मोठा आधार होतो. पण डिझेल इंजिन स्वतःच जड असतं, त्यामुळे त्याच मॉडेलच्या पेट्रोल गाडीपेक्षा डिझेलचा पेलोड कमी निघू शकतो.

चढापेक्षा उताराची काळजी जास्त करा. चढावर फार तर वेग पडतो, उतारावर तापलेले ब्रेक दगा देतात. टो-हॉल मोड (ओझं ओढताना गिअर त्यानुसार बदलणारी सोय), गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर आणि त्या तेलाचं तापमान दाखवणारा काटा, या तीन गोष्टी असल्याच पाहिजेत.

जाहिरातीतले आकडे तुलना करायच्या लायकीचे आहेत का, हे तपासायला ‘एसएई जे२८०७’ हे ओढण्याची क्षमता मोजायचं मानक उपयोगी पडतं. त्यातल्या एका चाचणीत ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा साधारण १८ किलोमीटरचा चढ एसी पूर्ण चालू ठेवून ओझ्यासह चढावा लागतो. सगळ्या कंपन्यांना एकाच तराजूत तोलायचं, तर तुलनेतले सगळे आकडे याच मानकाचे आहेत ना, हे विचारा.

६. ब्रेक, हिच, टायर

पूर्ण आकाराच्या गाडीच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच, यात तडजोड नको. ते विजेवरचे असतील, तर त्यांचा कंट्रोलर डॅशबोर्डात कंपनीनेच बसवलेला असावा, कारण ट्रेलर डोलायला लागला तर फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने हळूच लावता येतो. अशा वेळी पिकअपचा ब्रेक जोरात दाबणं किंवा ॲक्सिलरेटर वाढवणं, दोन्ही जिवावर बेतू शकतं.

हिचवर स्वतःची मर्यादा कोरलेली असते. साखळीत सगळ्यात कमी आकडा ज्याचा, तीच तुमची खरी मर्यादा. दांड्याचा भार मागच्या चाकांच्याही मागे पडतो, त्यामुळे पहारीने दगड उचलावा तशी पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल लागतं. पिकअपच्या माहितीपुस्तिकेत सांगितलं असेल तर वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लावा. ती भार पुढे वाटून देते, पेलोड मात्र वाढवत नाही. उंच केलेली पिकअप ओढायला घेऊ नका, दांडा तिरका होतो. टायरवरची भारमर्यादाही वाचून घ्या.

७. स्वतःचा ट्रेलर जोडून चालवा

रिकामी पिकअप फिरवून काहीच कळत नाही. शक्य असेल तर स्वतःचा भरलेला ट्रेलर घेऊन जा. चढावर थांबून पुन्हा निघा, लांब उतारावर खालच्या गिअरमध्ये सोडा, रिव्हर्स घ्या, आरशात ट्रेलरच्या दोन्ही कडा दिसतात का बघा. जुनी गाडी असेल तर गिअरबॉक्सच्या तेलाला करपल्याचा वास येतो का, मागचे पाटे सपाट झालेत का, हिचच्या वेल्डिंगजवळ तडे किंवा गंज आहे का, हे खाली वाकून पाहा. तेल करपलेलं असेल तर ती गाडी तिथेच सोडा.

गाडी घेतल्यावर पहिल्या सफरीआधी पुन्हा काट्यावर जा आणि तीन वजनं घ्या. पहिलं, माणसं आणि सामानासह फक्त पिकअप. दुसरं, ट्रेलर जोडून, पण काट्यावर फक्त पिकअपची चाकं. तिसरं, सगळं एकत्र. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच न लावता घेतलेल्या दुसऱ्या आणि पहिल्या वजनातला फरक म्हणजे दांड्याचा भार, आणि तिसऱ्या आणि पहिल्यातला फरक म्हणजे भरलेल्या ट्रेलरचं वजन. दांड्याचा भार ट्रेलरच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी आला तर जीप ट्रेलरवर थोडी पुढे घ्या, १५ च्या वर गेला तर मागे. जागा ठरली की ट्रेलरच्या फळीवर जीपच्या पुढच्या चाकाशी रंगाने खूण करून ठेवा.