पोर्ट सिक्युरिटीत यायचंय? आधी सील वाचायला शिका

नवीन पोरं जॉइन झाली की पहिला प्रश्न ठरलेला, सर ड्रोन कधी हातात मिळणार. मला न्हावाशेव्याला टर्मिनल सिक्युरिटीत नऊ वर्षं झाली आणि अजून माझा निम्मा वेळ गेटवर कंटेनरचं सील बघण्यातच जातो, त्यामुळे ड्रोनचं नंतर बघू.

बोल्ट सील, म्हणजे कंटेनरच्या दाराला लावलेला नंबर असलेला लोखंडी खिळा, नुसतं लांबून बघून चालत नाही. नंबर कागदाशी जुळवायचा, मग हाताने ओढून बघायचं, मग पिळून बघायचं, कारण कापून चिकटवलेलं सील लांबून अगदी शहाण्यासारखं दिसतं आणि पिळलं की हातात येतं. आणि बिजागऱ्या बघा बाबांनो! सील जसंच्या तसं ठेवून बिजागरीचे रिव्हेट काढून दार उघडणारे लोक आहेत, तिथे नवा रंग किंवा चकचकीत नट दिसला की गाडी बाजूला घ्यायची, मागचे ट्रेलरवाले कितीही हॉर्न वाजवू देत.

गाडीजवळ जाऊन स्वतः बघायचं, हे मी कानाला खडा लावून शिकलोय. जॉइन होऊन दुसराच महिना, नाईट शिफ्ट, धो धो पाऊस, बॉक्सवर, म्हणजे कंटेनरवर, चिखल, कॅमेऱ्याला नंबर वाचता येईना आणि मागे ही लाईन. मी काय केलं, छत्री घेऊन खाली उतरायचं सोडून ड्रायव्हरच्या कागदावरचा नंबर टाईप केला आणि गाडी सोडली. बॉक्स भलताच निघाला, करळ फाट्यावरून परत आणला, मेमो मिळाला तो वेगळाच. कंटेनर नंबरचा शेवटचा आकडा चेक डिजिट असतो, म्हणजे बाकीच्या आकड्यांवरून हिशोबाने काढलेला, तुम्ही आकडा चुकवलात तर बहुतेक वेळा सिस्टिम पकडते, पण बरोबर नंबर चुकीच्या बॉक्सला लावलात तर ती बिचारी काय करणार.

स्कॅनरचंही तसंच. तो कस्टम्सचा असतो, आपला नाही, आणि त्यात दिसतो तो फक्त आकार आणि घनता. आत काय असायला हवं होतं हे कागद वाचलेल्या माणसालाच कळतं. ऑगस्ट २०२० मध्ये इथेच १९१ किलो हेरॉईन पकडलं, प्लॅस्टिकच्या पाइपांना बांबूसारखा रंग दिलेला आणि कागदावर आयुर्वेदिक औषध. म्हणून मी नव्यांना सांगतो, माल कुठून येतोय, कुणी मागवलाय, आधी कधी मागवला होता का, हे विचारायची सवय लावा.

आता पाण्याची बाजू, खरं डोकं इथे लागतं. स्क्रीनवर एआयएसचे त्रिकोण दिसतात, नाव, वेग, दिशा सगळं, आणि नवीन माणसाला वाटतं की समुद्रात एवढंच आहे. एआयएस म्हणजे जहाजाने स्वतःबद्दल सांगितलेली माहिती, ते बंदही ठेवता येतं आणि लहान होड्यांवर बऱ्याचदा नसतंच. रडारवर त्या दिसतील, पण पावसाळ्यात लाटांचा आणि पावसाचा एवढा कचरा येतो की होडी कुठली आणि लाट कुठली. ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेलं पवित नावाचं जहाज ३१ जुलै २०११ ला वाहत वाहत थेट जुहूच्या किनाऱ्याला लागलं, वर माणूस नाही, आणि ते येताना कुणाला कळलं नाही. हे २६/११ नंतर अडीच वर्षांनी! तेव्हापासून किनाऱ्यावर रडारची साखळी झाली, गुरुग्रामला सगळी माहिती एकत्र करणारं सेंटर झालं, फरक पडलाच.

पण २००८ ला कफ परेडच्या मच्छीमार नगरात रबरी बोटीतून उतरलेल्या अतिरेक्यांना पहिलं हटकलं ते तिथल्या कोळी लोकांनी, हे विसरू नका. आमच्याकडचे तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, लांबून नुसत्या चालीवरून सांगतात ही होडी आपल्यातली नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्या काळात दिसलेली होडी वेगळ्या नजरेने बघायची, हे मला मॅन्युअलने नाही, उरणच्या एका काकांनी शिकवलं. त्यांच्याशी ओळख ठेवा, चहा पाजा.

कॉम्प्युटरचं थोडक्यात सांगतो. २७ जून २०१७ ला नोटपेट्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीच्या सिस्टिम बसल्या आणि जेएनपीटीतलं, म्हणजे इथलंच न्हावाशेव्याचं, त्यांचं टर्मिनलही अडकलं, कुंपण न ओलांडता. तेव्हा अनोळखी पेनड्राइव्ह कंट्रोल रूममध्ये दिसला तर रागवा, समोर साहेब असले तरी.

अभ्यासाला आयएसपीएस कोड, म्हणजे जहाजं आणि बंदरांच्या सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम, वाचा, १ जुलै २००४ पासून लागू आहे, भाषा रुक्ष आहे पण तीन सिक्युरिटी लेव्हल आणि पीएफएसओची (बंदराच्या सुरक्षा अधिकाऱ्याची) कामं पाठच हवीत, इंटरव्ह्यूत हमखास विचारतात. ड्रिल दर तीन महिन्यांनी असते, बरेच जण फोटोपुरते येतात, तुम्ही मात्र वॉकीटॉकी घेऊन खरंच पळा, कारण यार्डात कुठे सिग्नल तुटतो ते तेव्हाच कळतं. आणि पहिल्या दिवशी टॉर्च स्वतःचा आणा, स्टोअरमधल्याचे सेल कायम उतरलेले असतात.