वृद्धांच्या शुश्रूषेत या चुका टाळा

नर्सिंगचे शिक्षण संपवून वृद्ध शुश्रूषा केंद्रात रुजू होणाऱ्या मुलींना सलाइन लावणे आणि इंजेक्शन देणे हेच परिचारिकेचे काम वाटते. अंघोळ घालणे, तोंड स्वच्छ करणे, कूस बदलणे ही कामे त्या मावशींवर सोपवून मोकळ्या होतात. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांचे हाल मात्र बहुतेक वेळा याच कामांतील हयगयीमुळे होतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे कूस बदलल्याचा तक्ता पाळी संपताना एका दमात भरणे. पक्षाघाताने एक बाजू निकामी झालेल्या एका निवृत्त शिक्षकांचा असा तक्ता मी ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या पाळीकडून रुग्णांचा ताबा घेताना, पाहिला होता. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत दर दोन तासांची नोंद होती, डावी-उजवी चोख लिहिलेली होती, आणि चादर काढली तेव्हा माकडहाडावरची त्वचा सोललेली व टाचेवर काळसर, मऊ डाग पडलेला होता. रात्रपाळीच्या सिस्टरचे उत्तर होते, “पण त्यांना हवेची गादी दिली आहे ना!” ती गादी इतकी फुगवलेली होती की फळीसारखी कडक झाली होती. ती जखम भरायला कित्येक महिने लागले आणि प्रत्येक ड्रेसिंगच्या वेळी सर दात आवळून पडून राहत. हवेची गादी दाब कमी करते, परंतु माणसाची कूस बदलत नाही, हे मी तेव्हापासून प्रत्येक नव्या मुलीला सांगत आले आहे.

माझी पद्धत अशी आहे की तक्ता पलंगालाच टांगलेला असावा आणि कूस बदलून झाल्याशिवाय पेनाला हात लावू नये. दोन तास ही कमाल मर्यादा समजावी. हाडे वर आलेल्या कृश व्यक्तीला त्याआधीही वळवावे लागते. माणसाला पूर्ण आडवे करून खुब्यावर झोपवू नये. पाठीमागे उशी देऊन साधारण 30 अंशांत कलते ठेवावे आणि पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा गादीपासून सुट्या ठेवाव्यात. लाल भाग बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा पडला नाही, तर तेथे इजा सुरू झाली आहे असे मानावे. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही, म्हणून तो भाग आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागतो का, हे हाताने तपासावे. काही ज्येष्ठ सिस्टर अजूनही अशा जागी स्पिरिट आणि पावडर चोळायला लावतात. स्पिरिटने त्वचा कोरडी पडते आणि चोळल्याने आतली इजा वाढते, तेव्हा हा प्रकार कोणी कितीही अनुभवी व्यक्तीने सांगितला तरी करू नये. मध्ये भोक असलेली रिंगही नको, कारण तिच्या कडेने दाब पडून रक्तपुरवठा अडतो.

दुसरी चूक मला अधिक संताप आणते: रात्री डायपर बदलावा लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणी तोडणे. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे “त्यांनी मागितलेच नाही” या सबबीला काही अर्थ नाही. पाणी कमी पडले की लघवी गडद होते, शौचास खडा होतो, लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि माणूस भ्रमिष्टासारखे वागू लागतो. कालपर्यंत नातवंडांची नावे घेणाऱ्या आजी आज मुलाला ओळखत नसतील, तर “वय झाले” असे म्हणून सोडून न देता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली नसेल, तर मी खोलीत ज्या कामासाठी जाईन त्या प्रत्येक वेळी दोन-चार घोट पाजते. पाणी नको असेल तर ताक, पेज किंवा सार देते आणि झोपण्यापूर्वी आठवणीने बेडपॅन देते.

आडवे झोपवून भरवू नये. ताठ बसवावे, अर्धा चमचा भरवून तो गिळल्याची खात्री करावी आणि जेवणानंतर किमान अर्धा तास बसते ठेवावे. पक्षाघातानंतर दहीभातापेक्षा साध्या पाण्याचा ठसका अधिक लागतो, हे घाई करणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही.

कवळी रात्री काढून, घासून पाण्यात ठेवावी. जपानमधील 11 नर्सिंग होममध्ये झालेल्या आणि 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रत्येक जेवणानंतर ज्यांचे तोंड स्वच्छ केले जात होते त्यांच्यात न्यूमोनियाचे प्रमाण कमी आढळले.

स्त्रियांची स्वच्छता पुढून मागे करावी. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली असावी, पण जमिनीला टेकू नये. पडदा ओढल्याशिवाय चादर काढू नये. निकामी हात धरून कोणालाही ओढून उठवू नये, खांदा निखळतो. सदरा घालताना तो हात आधी घालावा आणि काढताना शेवटी काढावा.