जुन्या संगणकाला ग्राफिक कार्ड: आधी एसएमपीएस बघा, मग कार्ड

सांगलीत विश्रामबागेत राहणाऱ्या माझ्या भाच्याकडे एका कार्यालयातून निकाली निघालेला, चौथ्या पिढीच्या आय फाइव्ह प्रोसेसरचा संगणक आहे आणि त्याला पाच हजारांच्या आत ग्राफिक कार्ड बसवायचे होते. बहुतेक जण अशा वेळी कार्डांच्या किमती चाळत बसतात. त्याऐवजी कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढून एसएमपीएसवरचे, म्हणजे संगणकाच्या सर्व भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावरचे, लेबल वाचावे, कारण कोणते कार्ड चालेल हे खिशाइतकेच तो डबा ठरवत असतो.

लेबलवर ठळक छापलेल्या एकूण वॅटकडे दुर्लक्ष करून १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर पाहावेत. तिथे १६ अँपिअर असतील, तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट एवढ्यातच प्रोसेसर, पंखे आणि कार्ड यांचे भागवावे लागते. मदरबोर्डवरची कार्ड बसवण्याची लांब खाच, म्हणजे पीसीआय एक्सप्रेस स्लॉट, कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देऊ शकतो. त्याहून अधिक वीज लागणाऱ्या कार्डाला ६ किंवा ८ पिनांची वेगळी वायर लागते, आणि कार्यालयीन संगणकांत ती सहसा नसते. पूर्वी मी एकदा ६ पिनांचे कार्ड स्वस्तात मिळाले म्हणून घेऊन आलो आणि हार्डडिस्कच्या वायरीला कन्व्हर्टर जोडून ते चालवले. तिसऱ्या दिवशी त्या कन्व्हर्टरचे प्लास्टिक पिवळे पडून मऊ झालेले दिसले. तो उद्योग कोणी करू नये.

म्हणून केवळ स्लॉटच्या विजेवर चालणारे कार्डच शोधावे. एनव्हिडिया कंपनीचे जीटीएक्स ७५० टीआय ६० वॅट घेते, तर १०५० टीआय आणि १६५० ही दोन्ही ७५ वॅटची आहेत. मात्र काही उत्पादकांनी याच नावाच्या कार्डांना ६ पिनांची जोडणी दिलेली असते, म्हणून कार्डाच्या वरच्या कडेचा फोटो मागवून घ्यावा. ७५० टीआय आणि १०५० टीआय यांना एनव्हिडियाने २०२५च्या ऑक्टोबरनंतर नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) देणे थांबवले असून केवळ सुरक्षेचे अपडेट २०२८पर्यंत मिळणार आहेत, त्यामुळे हजार-पाचशेचाच फरक असेल तर मी १६५० घेईन. एएमडी कंपनीचे ५३ वॅटचे आरएक्स ६४०० कागदावर मोहक दिसते, पण ते स्लॉटच्या चारच लेन (माहिती ये-जा करण्याच्या वाटा) वापरत असल्याने तिसऱ्या किंवा दुसऱ्या आवृत्तीच्या जुन्या स्लॉटवर मागे पडते. जीटी १०३० घेणाऱ्याने तर डोळ्यांत तेल घालून पाहावे: जीडीडीआर५ आणि डीडीआर४ अशा मेमरीच्या दोन प्रकारांत ते एकाच नावाने विकले गेले, आणि डीडीआर४च्या मेमरीचा वेग जीडीडीआर५च्या जेमतेम एक तृतीयांश आहे. कॅबिनेट अरुंद असेल, तर लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचे, कार्ड व ते कॅबिनेटला स्क्रूने बसवण्याची आखूड पट्टी दोन्ही लागतात.

या बजेटमध्ये कार्ड सेकंडहँडच मिळणार, आणि सांगलीत ते घेताना एक जास्तीची तपासणी करावी. २०१९ आणि २०२१ साली कृष्णेच्या पुराचे पाणी घरांत आणि दुकानांत शिरले होते. कार्डाची धातूची पट्टी, स्क्रूंची डोकी आणि पोर्टांच्या आतल्या कडा यांवर गंज, किंवा हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये वाळलेल्या गाळाचा तपकिरी थर दिसला, तर किंमत कितीही कमी असो, कार्ड परत द्यावे. वरवरची धूळ ब्लोअरने निघते, तिची काळजी नाही. पैसे देण्यापूर्वी कार्ड चालू संगणकात लावून जीपीयू-झेड हे कार्डाची खरी माहिती दाखवणारे सॉफ्टवेअर उघडावे. जुन्या कार्डावर नवे नाव चढवलेले असेल, तर ते बहुतेक वेळा तिथे पकडले जाते. मग फरमार्क हे कार्डावर पूर्ण ताण टाकणारे सॉफ्टवेअर पंधरा मिनिटे चालवावे. पडद्यावर ठिपके उमटले किंवा तापमान ८५ अंशांच्या पुढे चढतच राहिले, तर नाद सोडावा.

बसवण्याचे काम दहा मिनिटांचे आहे. प्लग काढून पॉवरचे बटण दोनदा दाबावे म्हणजे उरलेली वीज निघून जाते; कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मगच कार्ड धरावे आणि स्लॉटच्या टोकाची खिट्टी टक्क असा आवाज करेपर्यंत सरळ दाबून बसवावे. तिरके बसलेले कार्ड हे डिस्प्ले न येण्याचे एक नेहमीचे कारण आहे; दुसरे म्हणजे मॉनिटरची वायर सवयीने मदरबोर्डलाच राहणे. तरीही काही दिसले नाही, तर कार्ड काढून मदरबोर्डचे बायोस (संगणक सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून पाहावे.

भाच्याच्या खर्चात एक वस्तू आम्ही धरलीच नव्हती. त्याचा मॉनिटर जुना, निळ्या व्हीजीए वायरीचा, आणि १०५० टीआय व १६५० या कार्डांतून व्हीजीएचा अॅनालॉग सिग्नल निघतच नाही. फक्त पिना जुळवणारा साधा अॅडॉप्टर तिथे उपयोगी पडत नाही. आत चिप असलेला एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टरच घ्यावा लागतो, आणि त्याचे पैसे पाच हजारांतून आधीच वेगळे काढून ठेवावेत.