छोटा ट्रॅक्टर चालवताना आणि सांभाळताना या चुका टाळा

छोट्या ट्रॅक्टरला हलकं समजणं ही पहिली चूक. बाकीच्या निम्म्या चुका तिच्याच पोटातून निघतात. वीस-पंचवीस हॉर्सपॉवरचं हे यंत्र पाऊण-एक टन वजनाचं असतं, दोन चाकांमधलं अंतर कमी असतं आणि मागे अवजार लागलं की पुढचं टोक हलकं होतं. म्हणजे उलटायला लागणारा कोन आणि वेळ दोन्ही मोठ्या ट्रॅक्टरपेक्षा कमी.

साखळी कुठे बांधली?

इंजिनाचा जोर मागच्या ॲक्सलवर जातो. चाकं फिरली तर ट्रॅक्टर पुढे सरकतो. चाकं अडली, तर तोच जोर ट्रॅक्टरचं धड ॲक्सलभोवती फिरवू लागतो आणि नाक उठतं. अशा वेळी ओझ्याची साखळी टॉप लिंकच्या (अवजाराला वरून धरणाऱ्या दांड्याच्या) ब्रॅकेटला किंवा थेट ॲक्सलला बांधलेली असेल, तर ओझंही त्याला मागेच खेचतं. नाक उठल्यापासून ट्रॅक्टर पाठीवर पडेपर्यंत जेमतेम दीड सेकंद जातो. ‘वाटलं तर क्लच दाबू’ म्हणणाऱ्याचा पाय हलेपर्यंत सगळं झालेलं असतं.

ओढायचं ते फक्त ड्रॉबारला, म्हणजे मागच्या ओढपट्टीला लावून. ड्रॉबार ॲक्सलच्या खाली असतो आणि नाक उठलं की तो आणखी खाली जातो, त्यामुळे ओढीचा ताण आपोआप कमी होतो. ट्रॅक्टर चिखलात रुतला की मागच्या चाकाला लाकडाचा ओंडका बांधून बाहेर काढायचा प्रकार सर्रास चालतो. यात चाक जागीच अडतं आणि ट्रॅक्टर स्वतःभोवती फिरतो. आधी अवजार सोडा, चाकामागची माती काढा आणि रिव्हर्समध्ये हळू बाहेर या.

रोल बार (उलटल्यावर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान) उभा असेल तर बेल्ट लावायचाच. रोल बार दुमडलेला असेल तर बेल्ट लावायचा नाही, कारण उलटला तर तुम्ही सीटला बांधलेले राहता. झाडाखाली काम म्हणून दुमडलेला बार नंतर उभा करायचं राहून जातं, तेव्हा दुमडताना लगेच बेल्टही बाजूला टाकायची सवय लावा. मडगार्डवर कुणाला बसवायचं नाही, ‘इथेच तर जायचंय’ असलं तरी.

उतारावर वजनाचा हिशेब सोपा आहे. ट्रॅक्टर आणि अवजार मिळून जे एकूण वजन होतं, त्याचा किमान पाचवा भाग पुढच्या ॲक्सलवर असावा. त्यापेक्षा कमी झाला की स्टिअरिंग हलकं लागतं आणि वळताना पुढची चाकं घसरतात. पुढे वजनं लावणं हा त्यावरचा इलाज. मागच्या टायरात पाणी भरून पुढचं टोक जड होत नाही, ते फक्त पकड वाढवायला. उतरताना खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या ओढीवर उतरा. न्यूट्रल टाकून किंवा क्लच दाबून उतरणं म्हणजे ट्रॅक्टर मोकळा सोडणं.

दोन ब्रेक पॅडल

मागच्या दोन चाकांचे ब्रेक वेगळे असतात, ते शेताच्या टोकाला वळण्यासाठी. रस्त्यावर निघताना दोन्ही पॅडल जोडणारी पट्टी अडकवलीच पाहिजे. नाहीतर वेगात घाईने एकच पॅडल दाबलं जातं आणि ट्रॅक्टर त्या बाजूला गर्रकन फिरतो. शेतात पट्टी काढायची, रस्त्यावर अडकवायची. पट्टी जोडलेली असून ब्रेक मारल्यावर ट्रॅक्टर एका बाजूला ओढत असेल, तर दोन्ही पॅडलची मोकळी हालचाल सारखी नाही असं समजा.

मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणाऱ्या डिफरन्शियल लॉकचंही असंच. सरळ रेषेत, एक चाक घसरतंय तेवढ्यापुरता तो लावायचा आणि वळायच्या आधी सोडायचा. पाय उचलूनही तो सुटला नाही, तर इंजिनचा जोर कमी करून डावा-उजवा ब्रेक आलटून पालटून हलके दाबले की तो निसटतो.

क्लच आणि चार चाकांची ओढ

क्लचवर पाय ठेवून चालवलं की रिलीज बेअरिंग सतत फिरत राहतं आणि प्लेट हळूहळू घासते. पॅडलची मोकळी हालचाल बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांत 20 ते 30 मिमी असते. पट्टी धरून मोजा, मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा. ती शून्यावर आली असेल तर प्लेट संपत आली आहे किंवा ॲडजस्टमेंट बिघडली आहे. दुहेरी क्लच असेल तर अर्ध्या दाबात ट्रॅक्टर थांबतो आणि पूर्ण दाबात पीटीओ (अवजाराला फिरवणारा मागचा शाफ्ट) थांबतो. हे ठाऊक नसलेला माणूस रोटाव्हेटर चालू असताना पॅडल शेवटपर्यंत दाबतो आणि अवजार मध्येच अडखळतं.

चारही चाकांची ओढ कोरड्या, कडक रस्त्यावर चालू ठेवायची नाही. या गिअरमांडणीत पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त अंतर कापण्यासाठीच बनवलेली असतात. मऊ मातीत तेवढा फरक सरकून जातो, डांबरावर तो गिअरपेटीत ताण म्हणून साठतो. याच कारणाने पुढचा किंवा मागचा टायर बदलताना फक्त रिमचा आकडा बघून चालत नाही, टायरचा फिरता घेरही जुळला पाहिजे.

चाकं किती घसरतात हे डोळ्यांनी ठरवू नका, मोजा. मागच्या टायरवर खडूने खूण करा. अवजार वर उचलून चाकाचे दहा फेरे झाले की ट्रॅक्टर किती अंतर गेला ते मोजा. मग त्याच मातीत अवजार लावून दहा फेऱ्यांत किती गेला ते मोजा. समजा आधी 30 मीटर आणि नंतर 26 मीटर भरले, तर घसरण 13 टक्क्यांच्या आसपास आहे. 10 ते 15 टक्के चालतं. त्यापेक्षा जास्त घसरत असेल तर वजन कमी आहे, टायरातली हवा जास्त आहे किंवा अवजार ट्रॅक्टरच्या मानाने मोठं आहे.

लिफ्टचे दोन लिव्हर

रोटाव्हेटर एकसारखा खोल जात नाही, उगाच वर-खाली होतो, ही तक्रार बहुतेक वेळा अवजाराची नसून लिव्हरची असते. ड्राफ्ट कंट्रोल ओढीचा ताण ओळखून अवजार आपोआप वर-खाली करतं. नांगर आणि कल्टिव्हेटरसाठी ते योग्य, कारण ही अवजारं ओढली जातात. रोटाव्हेटरची पाती मात्र ट्रॅक्टरला उलट पुढे ढकलतात, त्यामुळे ड्राफ्टची यंत्रणा गोंधळते. रोटाव्हेटर आणि पेरणीयंत्र पोझिशन कंट्रोलवर, म्हणजे अवजार ठरलेल्या उंचीवर धरणाऱ्या लिव्हरवर चालवा.

लिफ्ट हळू उचलते किंवा धक्के देत उचलते, तर आधी ऑइलची पातळी आणि मग जाळीची गाळणी बघा. अनेक छोट्या ट्रॅक्टरांत गिअरपेटीचं आणि हायड्रॉलिकचं ऑइल एकच असतं. टिपिंग ट्रॉलीचा जॅक उभा झाला की ते ऑइल ट्रॉलीत जातं आणि पातळी अचानक खाली दिसते, म्हणून जॅक बसवूनच तपासा. दुसऱ्याची ट्रॉली जोडली की तिच्या जॅकमधलं जुनं, गढूळ ऑइल आपल्या गिअरपेटीत येतं, हे कुणी लक्षात घेत नाही. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं की त्यात पाणी गेलेलं आहे.

हायड्रॉलिक पाइपला सुईएवढं भोक पडलं असेल तर बोटाने चाचपू नका. दाबाखालचं तेल कातडीत शिरतं, जखम टाचणीएवढी दिसते आणि आत मांस सडू लागतं. पुठ्ठा फिरवून शोधा. तेल आत गेलंच तर दुखत नसलं तरी लगेच रुग्णालय गाठा आणि काय झालं ते नेमकं सांगा. उचललेल्या अवजाराखाली जायचं असेल तर लिफ्टवर विश्वास न ठेवता जाड लाकडाचे ठोकळे लावा.

पीटीओ शाफ्ट

मिनिटाला 540 फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. पाच-सहा सेंटीमीटर जाडीचा शाफ्टही त्या वेगाने सेकंदाला दीड मीटर कापड गुंडाळतो, त्यात बाही, उपरणं, ओढणी काहीही येतं. शाफ्टवरची संरक्षक प्लास्टिकची नळी फुटली असेल तर काम थांबवून बदला. अडकलेला दोर काढायला उतरण्यापूर्वी पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात.

नवीन अवजाराबरोबर आलेला शाफ्ट आहे तसा लावणं ही महागडी चूक आहे. अवजार वर-खाली करून ट्रॅक्टर आणि अवजारातलं सर्वांत कमी अंतर शोधा. त्या जागी शाफ्टचे दोन्ही पाइप एकमेकांत पूर्ण न बसता किमान 25 मिमी मोकळे राहिले पाहिजेत, नाहीतर शाफ्ट ट्रॅक्टरच्या बेअरिंगवर ठोसा मारतो. आणि सर्वांत जास्त अंतरावर पाइप किमान एक तृतीयांश एकमेकांत असले पाहिजेत. कापायचं तर दोन्ही पाइप आणि दोन्ही नळ्या सारख्याच कापा, कड घासून गुळगुळीत करा, ग्रीस लावा. आतल्या दोन्ही टोकांचे काटे एकाच रेषेत असले पाहिजेत. ते रेषेत न बसवता शाफ्ट जोडला की सगळा ट्रॅक्टर थरथरतो आणि लोक बोल्ट घट्ट करत बसतात.

चालू होत नाही

सीट, क्लच, गिअर आणि पीटीओचे सुरक्षा स्विच आधी बघा. पीटीओ लिव्हर थोडा पुढे राहिला तरी स्टार्टर फिरत नाही. मग बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी. ‘टक टक’ आवाज येत असेल तर बहुधा तिथेच. स्क्रूड्रायव्हरने स्टार्टर शॉर्ट करू नका: ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर तुम्ही चाकापुढे उभे असताना तो निघतो. बॅटरी सोडताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी.

स्टार्टर जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, आणि नुकतंच डिझेल संपलं होतं, तर डिझेलच्या नळीत हवा (एअर) शिरली आहे. टाकी भरा, फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू एक-दोन आटे सैल करा, हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, बुडबुडे संपून निव्वळ डिझेल आलं की पंप चालू असतानाच स्क्रू आवळा. मग स्टार्टर दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त एकदम फिरवू नका.

एअर फिल्टर

कोरड्या मातीत रोटाव्हेटर चालवलात तर ऑइल बाथचा (हवेतली धूळ तेलात अडकवणाऱ्या फिल्टरचा) वाडगा रोज उघडा. ऑइल खुणेपर्यंतच. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं आणि त्याच्यावरच पळू लागतं, मग चावी बंद करून ते थांबत नाही. कागदी फिल्टर असेल तर कमी दाबाची हवा आतून बाहेर मारा, ठोकू नका, आणि आतला छोटा फिल्टर साफ करत न बसता बदला. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा ओझं जास्त, निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, पांढरा धूर थंडीत क्षणभर ठीक. इंजिन गरम होऊनही पांढरा येत राहिला तर रेडिएटरची पातळी बघा.

तापमान वाढलं तर इंजिन मंद ठेवून थंड होऊ द्या, गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, त्यात थंड पाणी ओतू नका. जाळीत अडकलेलं गवत आणि फॅनचा पट्टा ही सर्वांत जास्त सापडणारी कारणं.

पहिली सर्व्हिस बहुतेक ट्रॅक्टरांत 50 तासांनी असते. तेव्हाच चाकांचे नट पान्याने पुन्हा आवळा. नंतर कधीही चाक काढून बसवलं, तर पहिल्या काही तासांच्या कामानंतर पुन्हा एकदा.